आधी मिस्त्रीचा हात

"...आणि जी वायर जन्मभर काहीच काम करत नाही, ती इतक्या लांबून ओढायची कायले जी?"

हर्षलने स्टुलावर उभ्या उभ्याच विचारलं. खांद्यावर हिरव्या वायरीचं वेटोळं होतं आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

खाली पाटावर बसलेल्या उकर्डाजींनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. एक घोट घेतला.

"तुह्या चपला रबराच्या हायेत न?"

"हो जी."

"बरं."

एवढंच. मग पुन्हा बशीवर फुंकर.

हर्षलने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. आपण विचारतो वायरीचं, हे विचारतात चपलांचं. दोन वर्षं म्हाताऱ्याच्या हाताखाली काढली होती त्याने, आणि एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं असेल तर शपथ.

उकर्डाजी म्हणजे परतवाड्यातले सगळ्यात जुने वायरमन. आधीची चार भावंडं जगली नाहीत म्हणून आईने पाचव्याला उकिरड्यावर लोळवून घरात आणलं आणि नावही तेच ठेवलं. मग दृष्ट लागायची काय बिशाद! माणूस सत्तरी ओलांडून अजून शिडी चढत होता.

त्यांचा एक नेम सगळ्या गावाला ठाऊक होता. घराचं वायरिंग झालं, दिवा लावून सगळं तपासलं, की ते लोटाभर पाणी मागून घ्यायचे. पाणी प्यायला नव्हे. ते फरशीवर ओतायचं, चपला काढून त्या ओल्यात अनवाणी उभं राहायचं आणि घरातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर हात ठेवायचा.

तोही उलटा हात नाही. शहाणी माणसं हाताची मागची बाजू लावून बघतात, म्हणजे झटका बसला तर हात आपोआप मागे येतो. उकर्डाजी तळहात ठेवायचे. सगळा.

"आधी मिस्त्रीचा हात, मंग घरच्यायचा," असं ते म्हणत. मग मालकाकडे वळून म्हणत, "वापरा आता." तोवर परतवाड्यातली कुठलीही बाई नव्या वायरिंगवर मिक्सर लावत नसे.

मिस्त्री हा शब्द मात्र ते फार जपून वापरायचे. हाताखालच्या माणसाला ते नावाने नाहीतर 'अरे' म्हणून हाक मारत. ज्या दिवशी "आज हात तू ठेव" म्हणाले, त्या दिवशी तो माणूस तयार झाला, असा गावाचा हिशेब. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असं तिघांना म्हणाले होते. तिघांचीही आज दुकानं होती.

चौथं दुकान हर्षल निचतचं असणार होतं. असं हर्षलचं मत.

त्याचं आयटीआय झालं होतं. पुण्याच्या कारखान्यात वर्षभर काम झालं होतं. हातात सफाई होती, वायर अशी वळवायचा की बघत राहावं. आणि गुडघ्याला बाशिंग तर इतकं घट्ट बांधलेलं, की दुकानाची पाटीही त्याने रंगवून घेतली होती. लाल अक्षरांत 'निचत इलेक्ट्रिकल्स', बाजूला पिवळा बल्ब. ती पोत्यात गुंडाळून त्याच्या खाटेखाली ठेवलेली होती. रोज एकदा तो पोतं बाजूला सारून ती बघून घ्यायचा.

आता राहिला होता तो फक्त एक शब्द. म्हाताऱ्याच्या तोंडचा.

काम चाललं होतं तायडे मास्तरांच्या घरी. मनोहरराव तायडे म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट जाड भिंतींचं. आत लाकडी पट्ट्यांवरून धावणाऱ्या जुन्या वायरी, गोल काळी बटणं आणि दोन भोकांची सॉकेटं. हे सगळं फिटिंग तरुणपणी उकर्डाजींनीच केलं होतं. आता तेच ते उतरवून घेत होते.

"जी, तुमीच केलं न हे? एकही सॉकेटले अर्थिंग नाही," हर्षलने पहिल्या दिवशी त्यांना डिवचलं होतं.

"तवा मले इतकंच येत होतं," उकर्डाजी म्हणाले होते आणि आपल्याच हाताने ठोकलेली पट्टी उपटून बाजूला ठेवली होती.

त्या घरात एक कूलर होता. पत्र्याचा, अंगाने आडदांड, मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला. परतवाड्याच्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय माणूस जगायचा नाही, आणि त्याला हात लावला तर धड राहायचा नाही, इतका तो करंट मारायचा. मास्तरांच्या पत्नी सुलोचनाबाई तीस वर्षं कोरड्या पाटावर उभं राहून त्यात लांबून पाइपने पाणी भरत आल्या होत्या. त्यांची मुलगी पल्लवी लहान असताना 'आई'च्या पाठोपाठ शिकली ते वाक्य म्हणजे "कूलरले हात नाई लावायचा".

आता ती पल्लवी सुरतेहून येत होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली लेक कडेवर घेऊन, पहिल्यांदाच. लेक आठ महिन्यांची, ओवी तिचं नाव. आणि फोनवरून बातमी आली होती की ओवी रांगायला लागली आहे.

त्या एका बातमीवर मास्तरांनी जुनं वायरिंग काढायला घेतलं. पल्लवी रविवारी दुपारी बाराला पोहोचणार. त्याच्या आत कूलर माणसात आला पाहिजे, असं त्यांनी हर्षलला तीनतीनदा बजावलं होतं. सुलोचनाबाईंनी तर त्याला घरात चपला घालून फिरायची मुभा दिली होती. ज्या घरात शिक्षणाधिकारी आले तेव्हा त्यांनाही बूट बाहेर काढायला लावले होते, त्या घरात.

पुढच्या सगळ्या खोल्या शनिवारी दुपारपर्यंत झाल्या. हिरवी वायर अंगणात जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपासून निघाली, मीटरपाशी आली, तिथून प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात जाऊन बसली. झकास काम.

मागच्या खोलीशी घोडं अडलं.

मधल्या भिंतीतली जुनी लोखंडी नळी दोन नव्या वायरींतच गच्च झाली. तिसरी शिरेना. हिरवी वायर पलीकडे न्यायची तर दोन फूट काळ्या दगडाला नवं भोक पाडावं लागणार, म्हणजे अर्धा दिवस गेला. उकर्डाजी घरी जेवायला गेले होते. हर्षलने भिंतीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं...

आणि जे पुष्कळ हुशार माणसं करतात, ते त्याने केलं.

अंगठ्याएवढा हिरव्या वायरीचा तुकडा कापला. सॉकेटच्या पाठीमागेच त्याचं एक टोक तिसऱ्या भोकाला लावलं, दुसरं तिथल्याच, करंट परत नेणाऱ्या काळ्या वायरीला. वरून पांढरी चकचकीत प्लेट बसवली आणि चार स्क्रू आवळले. समोरून करंटच्या भोकात आणि या तिसऱ्या भोकात तपासणीचा दिवा लावून बघितला तर लख्ख पेटला. ब्रह्मदेव आला असता तरी त्याला कळलं नसतं.

काळी वायर शाबूत आहे तोवर कूलर म्हणजे गरीब गाय. पण ती कुठे तुटली किंवा ढिली झाली, की सगळा करंट कूलरच्या पत्र्यावर येऊन बसणार. हे हर्षलला आयटीआयच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण कशाला ढिली होईल? वायर नवी कोरी, स्क्रू स्वतः आवळलेले. असं म्हणत तो घरी गेला, पाटी बघितली आणि झोपला.

रविवारी सकाळी दहाला उकर्डाजी आले. त्यांनी दिवा लावून एकेक सॉकेट तपासलं. सगळीकडे लख्ख. मागच्या खोलीतही लख्ख. त्यांनी मान हलवली.

सुलोचनाबाईंनी कूलर काठोकाठ भरला. पाणी सांडून फरशीवर तळं झालं. कूलरपुढे लोटा ओतायची गरजच उरली नाही.

उकर्डाजी पाटावर बसले. नेहमीप्रमाणे चपला काढायला वाकले नाहीत. हर्षलकडे बघून म्हणाले,

"आज हात तू ठेव."

हर्षलच्या छातीत ढोल वाजला. हेच ते. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते चार शब्द, आणि तेही मास्तर आणि सुलोचनाबाईंच्या देखत. त्याने चपला दारात भिरकावल्या. एक उलटी पडली, तेही त्याला दिसलं नाही.

लोटाभर पाणी घेऊन तो पुढच्या खोलीपासून निघाला. इस्त्रीवर तळहात ठेवला. काही नाही. फ्रिजवर ठेवला, गार लागला. मोरीतल्या पंपावर ठेवला, धुण्याच्या मशीनवर ठेवला. प्रत्येक ठिकाणी मागून येणारे मास्तर "वा" म्हणत होते, जसं एखाद्या पोराने नकाशात बरोबर नदी दाखवल्यावर म्हणावं. सुलोचनाबाई साखरेचा डबा घेऊनच फिरत होत्या. घोडं गंगेत न्हालं, असंच सगळ्यांना वाटलं.

शेवटी कूलर.

हर्षल त्या तळ्यात अनवाणी उभा राहिला. पाण्याचा गारवा तळपायातून वर चढला. त्याने हात पुढे केला.

हात पत्र्यापासून चार बोटांवर थांबला.

...

कूलरचा पंखा घुंइंइं करत होता. वाळ्याचा वास येत होता. मास्तर "वा" म्हणायला तोंड उघडून उभे होते.

हर्षलने हाताला सांगितलं, चल. हात हलेना. स्क्रू आपणच आवळलेत, असं त्याने हाताला सांगितलं. काळी वायर नवी आहे. दिवा लख्ख पेटला. सगळं त्याने सांगून पाहिलं. हाताने ऐकलं नाही.

त्याने चोरट्या नजरेने उकर्डाजींकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे. पण उकर्डाजी आपल्या पायाच्या अंगठ्याचं नख न्याहाळत होते.

"जी..." हर्षल म्हणाला. "चपला घालू का?"

"घाल की."

हर्षलने सुटकेचा श्वास घेतला.

"पण मंग त्या लेकरासाठीही आण," उकर्डाजी नखाकडेच बघत म्हणाले. "चार लागतीन. थे चारी पायानं चालते."

...

हर्षल त्या पाण्यात तसाच उभा राहिला. कान तापले. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने घामाबरोबर पुसून टाकलं. मग तो पुढच्या खोलीत गेला, मेन बंद केला, परत आला आणि चार स्क्रू काढून पांढरी प्लेट खाली घेतली. अंगठ्याएवढा हिरवा तुकडा ओढून काढला आणि उकर्डाजींच्या पुढ्यात ठेवला.

रागावतील, शिव्या देतील, हाकलून देतील. देऊ देत. पाटी पोत्यातच सडू दे. त्याला फक्त लाज वाटत होती, आणि नवल म्हणजे लाजेबरोबर हलकंही वाटत होतं.

उकर्डाजींनी तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि विडीच्या बंडलाच्या खिशात टाकला.

"छन्नी कुठी हाये?" ते म्हणाले.

मग जे ठोकणं सुरू झालं! एका बाजूने हर्षल, दुसऱ्या बाजूने उकर्डाजी, मध्ये दोन फूट काळा दगड. मास्तर आधी कळवळले. पल्लवी बाराला येणार, घरात धूळ, वीज बंद, बाहेर चव्वेचाळीस डिग्री. हर्षलने त्यांना आपण काय केलं होतं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. मास्तर ऐकून घेत राहिले. मग दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहिले.

पल्लवी आली ती ठोकण्याच्या आवाजातच. सुलोचनाबाईंनी नात दारातच उचलून घेतली, भाकरतुकडा ओवाळला आणि सगळं बिऱ्हाड अंगणातल्या कडुनिंबाखाली हलवलं. खाट टाकली. ओला पंचा फांदीला बांधला. आंब्याच्या रसाचं पातेलंही बाहेर आलं. ओवी खाटेवर बसून प्रत्येक ठोक्याला दोन्ही हात उडवत होती, आणि ठोके थांबले की घराकडे बघून ओरडत होती. शेजारच्या बाया बघायला आल्या त्या तिथेच रमल्या. वीज नसलेल्या घरात इतकं हसू मास्तरांनी पहिल्यांदाच ऐकलं.

आत, भिंतीच्या दोन्ही अंगांनी दगड झडत होता.

"तुमाले कसं समजलं जी?" हर्षलने भोकाच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारलं.

ठोका थांबला.

"मले कुठी काय समजलं?" पलीकडून आवाज आला. "दिवा तं पेटला होता. हात तुहा थांबला."

पुन्हा ठोका सुरू झाला.

दोनच्या सुमाराला हर्षलची छन्नी एकदम पोकळीत गेली. भोकातून उजेडाची काडी आली आणि त्या उजेडात, दगडाच्या पिठाने पांढरा झालेला म्हाताऱ्याचा एक डोळा. डोळा हसत होता.

हर्षलने हिरवी वायर आत सरकवली. पलीकडून कुणीतरी ती हळूच ओढून घेतली.

तीनला मेन चालू झाला. पंखे फिरले. अंगणातून एकच गलका आत आला, आणि सुलोचनाबाईंनी न राहवून विचारलं, "इतकं भिताड फोडलं बाप्पा. ते हिरवी वायर काम काय करते रे?"

हर्षल थांबला. कालचा आपलाच प्रश्न त्याला ओळखू आला आणि तो खळखळून हसला.

"काहीच नाही काकू," तो म्हणाला. "रोज काहीच नाही करत."

त्याने दिवा लावून तपासलं. मग कुणी न सांगता तो कूलरपुढच्या पाण्यात उभा राहिला आणि तळहात पत्र्यावर ठेवला. सगळा.

ठेवला आणि काढलाच नाही. पत्रा गार होता, आतल्या मोटरीने बारीक थरथरत होता. इतक्या वर्षांचा तो द्वाड कूलर त्याच्या हाताखाली मांजरासारखा गुरगुरत होता. आपल्याला एवढा आनंद का होतोय, हे हर्षलला सांगता आलं नसतं.

सवयीने मास्तर उकर्डाजींकडे वळले. "तुम्ही नाही ठेवणार हात?"

उकर्डाजींनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

तेवढ्यात पल्लवी किंचाळली. बोलण्याच्या नादात ओवी खाली उतरली होती. चार पायांनी छपछप करत ती ओल्यातून थेट कूलरपाशी गेली, हर्षलच्या विजारीला धरून उभी राहिली आणि त्याच्या हाताखाली, वीतभर अंतरावर, आपला तळहात पत्र्यावर थापटला. सुलोचनाबाईंच्या ओठांवर तीस वर्षांचं ते वाक्य आलं...

आणि तिथेच थांबलं.

ओवीने पुन्हा थापटलं. पत्रा ढण्ण वाजला. तिला ते भलतंच आवडलं. मग दोन्ही हातांनी ती कूलर वाजवत सुटली, आणि पल्लवी, जिने जन्मात त्या कूलरला हात लावला नव्हता, तीही पदर खोचून पाण्यात येऊन बसली आणि लेकीबरोबर वाजवू लागली. सुलोचनाबाई हसता हसता रडल्या. त्यांनी साखर सगळ्यांच्या तोंडात घातली, हर्षलच्या तोंडात दोनदा.

"वापरा आता," असं कुणाला म्हणायची वेळच आली नाही.

हर्षलने अवजारं पिशवीत भरली. पाटीचं विचारावं असं एकदा मनात आलं. पण सकाळी हात थांबला होता. आज नको. आज एवढंच पुष्कळ झालं. तो उकर्डाजींच्या पाया पडला, मास्तरांना नमस्कार केला आणि कूलरचा ढणढणाट कानात घेऊन निघाला. इतक्या आनंदात निघाला, की अंगण ओलांडून तापल्या डांबरावर आला तरी त्याला काही कळलं नाही.

दहा पावलांवर तळपाय चटकले. एक पाय उचलून तो मागे वळला.

दारात उकर्डाजी उभे होते. एका हातात त्यांनी त्याच्या दोन्ही रबरी चपला धरल्या होत्या, उलटी पडलेली सुलटी करून.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमच्या चपला राह्यल्या."